चौथे कडवे

सलोमीने पार्सलची सुतळी दातांनी तोडली. विळी चुलीजवळ होती, पण तिथवर जाऊन यायचाही धीर तिला नव्हता. नंदुरबारच्या मोटारीतून पार्सल उतरल्याचे बाहेर ओट्यावर बसलेल्या आबांनी ऐकले होते.

मेणकापडाच्या आत जुने वर्तमानपत्र, आणि त्याच्या आत पंचवीस पुस्तके. काळी पाठ, नव्या शाईचा वास. तिने वरचे पुस्तक उचलले, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवले आणि एकशे बारावे गीत काढले. तीन कडवी. तिसऱ्याच्या खाली दोन बोटे कोरी जागा, आणि मग उजव्या कडेला बारीक टाइपात आबांचे नाव: दोधू हिलाल, रनाळे.

तीनच असणार हे तिला आठ महिन्यांपासून ठाऊक होते. तरीही तिने पान उलटून पाहिले.

“उनं का?” बाहेरून आवाज आला.

“आलं, आबा.”

“मंग आन ना भाईर. कोंबडीगत त्यावर बसनी का तू?”

ती पुस्तक घेऊन बाहेर आली. माघ संपत आला होता. गावाच्या कडेला ज्वारीची खळी चालू होती आणि वाऱ्याबरोबर भुसा ओट्यापर्यंत येत होता. आबांच्या धोतरावर, मांडीवरच्या एकतारीवर त्याची पिवळी पूड बसली होती. तीस वर्षे ते इथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारी आसपासच्या गावांत उपदेशाला जात. शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत. घरी आले की कोट खुंटीला लावावा तशी तीही काढून ठेवत. सलोमीचे उलटे होते. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात तीन वर्षे काढून ती परत आली, मुलींच्या शाळेची हेडबाई झाली, आणि घरातही पुस्तकातलीच भाषा बोलू लागली. बाप अहिराणीत विचारी, मुलगी मराठीत उत्तर देई. दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नसे.

आबांनी दोन्ही हात पुढे केले. गेल्या पाच वर्षांत मोतीबिंदूने त्यांचे डोळे दुधाळ झाले होते. धुळ्याला एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, ते फसले, आणि दुसऱ्या डोळ्याचे नाव त्यांनी पुन्हा काढू दिले नाही. त्यांनी पुस्तक हातात तोलले, कानाजवळ नेऊन पाने फडफडवली, मग तिला परत दिले.

“वाच.”

ती शेजारी बसली. तिने वाचायला सुरुवात केली तशी आबांची बोटे ओट्याच्या दगडावर ठेका धरू लागली.

*खळ्यावरी उभा धनी, माप त्याच्या हाती ।*
*आला त्याची ओटी भरतो, दाणे जसे मोती ॥*

ख्रिस्ती झाल्यावर भावांनी आबांना खळ्यावर येऊ दिले नव्हते. तेव्हा त्यांनी हे गीत बांधायला घेतले होते, असे ते सांगत. खळ्यावर जो येऊन उभा राहील त्याला रिकामे पाठवायचे नाही, ही इथली रीत. भाऊ रीत विसरले, पण एक धनी विसरणार नाही, एवढेच गीताचे म्हणणे होते. पहिली तीन कडवी पोथीच्या मराठीत होती. चौथे त्यांनी पुष्कळ वर्षांनी जोडले, आणि ते अहिराणीत जोडले. कारण ज्या बाईविषयी ते होते तिला दुसरी भाषा येत नव्हती.

सलोमीने तिसरे कडवे संपवले. पानावर पुढे काही नव्हते. आबांची बोटे थांबली नाहीत. एक फेर मोकळा गेला, दुसरा सुरू झाला.

तिने कोऱ्या जागेवर नजर ठेवली आणि म्हटले:

*कुपनना भाईर उभी भिकु, हाक तिले दे ।*
*उशीर व्हयना तरी धनी, पदर भरी दे ॥*

आबांचा ठेका थांबला. मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

“तिनं नाव कथं शे? मन्हं बोट ठेव त्यावर.”

सलोमीने त्यांचे बोट धरले. खडूने आणि पाटीने झिजलेले, नखाला उभी चीर गेलेले. ते तिने तिसऱ्या कडव्याखाली, कोऱ्या कागदावर टेकवले.

“आठे?”

“हो. इथेच.”

बोट किंचित पुढे-मागे झाले. “काहीच लागत नही.”

“बारीक टाइप आहे, आबा. आणि कागद गुळगुळीत आहे.”

“व्हय,” ते म्हणाले. बोट त्यांनी उचलले नाही. पुस्तक तसेच बोटावर मिटले आणि छातीशी धरले.

---

गेल्या आषाढात गीतसंग्रहाच्या समितीचे पत्र आले होते. डोळे गेल्यापासून आबांची सगळी पत्रे सलोमीच वाचे आणि तीच लिही, म्हणून तेही तिनेच फोडले. आबांनी पाठवलेल्या नऊ गीतांपैकी आठ परत आली होती. एक घेण्यासारखे आहे, असे समितीने कळवले होते. मात्र त्याचे चौथे कडवे ही मृतासाठी केलेली प्रार्थना आहे आणि ती आपल्या विश्वासात बसत नाही. शिवाय त्यात नाव घेतलेली बाई बाप्तिस्मा न होता वारली असे समजते. रचनाकार ते कडवे गाळण्यास संमती देत असतील तर सोबतच्या प्रतीवर ते खोडून सही करावी. नसतील तर गीत घेता येणार नाही.

आई, भिकुबाई, मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली तेव्हा सलोमी दहा वर्षांची होती. आई रविवारी उपासनेला येई, पण दाराच्या बाहेर, चपलांपाशी बसे. आत यायचे तर बाप्तिस्मा घ्यायला हवा होता, आणि म्हसावदहून तिची आई येऊन ‘घे’ म्हणेपर्यंत ती घेणार नव्हती. म्हातारी तीन वर्षे आली नाही. चौथ्या वर्षी येते म्हणून निरोप आला, त्याच आठवड्यात भिकुबाईला ताप भरला. तेव्हाच्या पाळकांनी तिला कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर जागा दिली. रोज चार-पाच खड्डे खणले जात होते. वाद घालायला कुणाच्या अंगात त्राण नव्हते. कुंपण म्हणजे नुकती लावलेली शेराची रोपे, गुडघ्याएवढी. आई त्यांच्या पलीकडे एका हातावर होती.

बाप्तिस्मा न झालेली माणसे कुठे जातात, हे सलोमीने कधी कुणाला विचारले नाही. शाळेत एखाद्या मुलीने विचारलेच, तर ती पुढचा धडा उघडायला सांगे.

समितीचे पत्र तिने दोन दिवस ट्रंकेत ठेवले. आबांना सांगितले असते तर त्यांनी गीत परत मागवले असते, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. तीस वर्षांत त्यांनी बांधलेले एकही गीत छापले गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी, आबा झोपलेले असताना, तिने प्रतीवरच्या चौथ्या कडव्यावर रेघ मारली. खाली सही केली. अक्षर तिला त्यांनीच शिकवले होते. त्यांच्या ‘ध’ची गाठ, ‘ळ’चे शेपूट, सगळे तिच्या हातात होते. त्या सहीकडे पाहून आबाही फसले असते, असे तिला वाटले, आणि लगेच आठवले की ते आता कुठलीच सही पाहू शकत नाहीत.

---

जेवणे उरकल्यावर ती उरलेली पुस्तके घेऊन पाळकांकडे निघाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासनेत पुस्तकांचे समर्पण व्हायचे होते आणि पहिल्यांदा एकशे बारावे गीत म्हटले जायचे होते. मुलींकडून ते तिनेच बसवून घेतले होते, तीन कडव्यांचे, शाळेची दारे लावून. आबा पुढच्या बाकावर बसतील. तिसरे कडवे संपेल, मुली खाली बसतील, आणि आबांची बोटे गुडघ्यावर वाट पाहत राहतील. गेले आठ दिवस तिला एवढेच दिसत होते.

पाळक हिंमतराव नगरकडचे, चाळिशीचे, मनाने चांगले आणि बोलायला भरपूर. पुस्तके पाहून त्यांना आनंद झाला. सलोमीने पाणी घेतले आणि म्हणाली की उद्या दुसरे एखादे गीत घ्यावे. मुलींचे हे अजून नीट बसलेले नाही.

“परवा शाळेवरून गेलो तेव्हा ऐकलं मी,” ते म्हणाले. “उत्तम बसलंय.”

आबांची प्रकृती बरी नाही, असे तिने सांगून पाहिले. एवढा वेळ बाकावर बसणे त्यांना जमायचे नाही. हिंमतराव म्हणाले की खुर्ची ठेवू, मागे उशी ठेवू. मास्तरांच्या आयुष्यातला दिवस आहे, ते आडवे पडून का होईना, येतील.

मग ते थोडे पुढे झुकले.

“आणि एक मी उपदेशात घेणार आहे. समितीच्या चिटणीसांनी मला सगळं लिहिलंय. स्वतःच्या बायकोचं नाव असलेलं कडवं मास्तरांनी आपल्या हातानं खोडलं. केवढं मन लागतं त्याला. हे मंडळीला कळायला हवं.”

सलोमीने भांडे खाली ठेवले. ते जमिनीला लागून वाजले.

“ते नको,” ती म्हणाली. “त्यांना आवडायचं नाही.”

“नम्र माणसाला आवडत नाहीच. तरी सांगायचं असतं.”

ती उठली. परतीची वाट तिने जवळजवळ धावत काढली. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या: आज तिने सांगायचे, नाहीतर उद्या सगळ्यांसमोर पाळकांनी.

ओटा रिकामा होता. एकतारी भिंतीला टेकवलेली, काठी जागेवर नाही. ती आत गेली, मागच्या दाराने विहिरीकडे पाहून आली, परत पुढे आली. तेवढ्यात पेठेच्या गल्लीतून आबा येताना दिसले. काठी काखेत, डावा हात भिंतींवरून सरकत, उजव्या हातात पुस्तक छातीशी. तर्जनी अजून पानांच्या आत होती.

ती पुढे धावली.

“एकटे कुठे गेला होता?”

“मिश्रीलालकडे. त्याले पुस्तक दखाडाले.”

मिश्रीलालचे किराण्याचे दुकान पेठेच्या टोकाला होते. आबा आणि तो वीस वर्षे एकमेकांना चिडवत आले होते. तुझा देव आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवायला सांगतो, म्हणून मी तुझ्यात येत नाही, असे मिश्रीलाल म्हणे. तू आलास तर माझ्या देवाला वजनमाप तपासत बसावे लागेल, असे आबा म्हणत. मिश्रीलालला बालबोध लिपी चांगली वाचता येत होती.

“त्यांनी वाचलं?” सलोमीने विचारले.

“ना. त्याना चष्मा घर ऱ्हाई गया व्हता.”

तिने त्यांना दंडाला धरून ओट्यावर बसवले, पाय धुवायला पाणी दिले. ते दमलेले दिसत होते. कपाळ ओले होते. दूध-भाकरी आणू का, असे तिने विचारले. ते ‘नंतर’ म्हणाले. ऊन उतरून समोरच्या भिंतीवर गेले होते. खळ्यांवरून पाखरे उठत होती.

“आबा,” ती म्हणाली, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांगजो. पहिले ते गानं वाच. आजून एक डाव.”

त्यांनी बोट असलेले पान उघडून पुस्तक तिच्याकडे दिले. ती वाचू लागली. पहिले कडवे, दुसरे, तिसरे. या वेळी ठेका नव्हता. दोन्ही तळवे मांड्यांवर उघडे ठेवून ते ऐकत होते. तिसरे संपले. ती थांबली. त्यांनी मान वळवली, तिच्याकडे, जवळजवळ तिच्या तोंडावर, जणू ती काय करते आहे ते पाहत होते.

तिने चौथे म्हटले.

“तुन्हा आवाज तुन्ही मायसारखा शे,” आबा म्हणाले. “माले आजच समजनं.”

मग थोड्या वेळाने:

“आते सांग. काय सांगनं व्हतं?”

गल्लीतून कुणाची तरी बैलगाडी गेली. ती जाईपर्यंत सलोमीने वाट पाहिली. गाडी गेली, धूळ बसली.

“काही नाही. उद्या लवकर निघायचंय, एवढंच.”

आबा वाट पाहत राहिले. तिला वाटले, ऐकू आले नसावे. ती पुन्हा सांगणार, तोच ते म्हणाले:

“बरं.”

त्यांनी कोट झटकून ठेवायला सांगितला. दूध-भाकरी अर्धीच खाल्ली.

---

सकाळी ती आंघोळीचे पाणी काढून त्यांना उठवायला गेली. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पांघरूण नीट होते, वहाणा जोडलेल्या होत्या. खांद्याला हात लावल्यावर तिला कळले.

त्या दिवशी पुस्तकांचे समर्पण झाले नाही. हिंमतराव आले, त्यांनी प्रार्थना केली, सुताराकडे माणूस पाठवला, दफन चार वाजता ठरवले. बायका आल्या आणि त्यांनी सलोमीला एका कोपऱ्यात बसवले. आपल्या मनात पहिल्यांदा काय आले, हे तिला कुणालाच सांगता आले नसते. आता त्यांना कळणार नाही, हे पहिल्यांदा आले होते. आणि ते येताना तिला हलके वाटले होते. त्या हलकेपणाची तिला भीती वाटत होती. ती हातावर हात दाबून बसून राहिली.

दुपारी मिश्रीलाल आला. तो आत येत नसे. ओट्यावर, आबांच्या जागेपासून थोडे अंतर सोडून बसला. सलोमी उंबऱ्यापाशी आली. म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा होता, एक काडी दोऱ्याने बांधलेली. तो बराच वेळ उपरण्याच्या टोकाने ती काडी पुसत राहिला.

“काल मी वाची दिधं नसतं तर बरं व्हतं का, काय माहीत,” तो म्हणाला.

“काय वाचलंत?”

“पुस्तक.”

“आबा म्हणाले, तुमचा चष्मा घरी राहिला होता.”

मिश्रीलालने तिच्याकडे पाहिले.

“मन्हा चष्मा? तो नाकवरच व्हता, पोरी. बारा वरीसपासून तो फक्त झोपाले उतरस.”

आतून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. सलोमी उंबऱ्यावर खाली बसली.

त्याने सांगितले ते थोडक्यातच. मास्तर पानात बोट घालूनच आला, भर उन्हात. बोट काढायला तयार नव्हता. म्हणाला, माझ्या बोटाखाली काय आहे तेवढे वाच. मिश्रीलालने बोट बाजूला केले आणि पाहिले. काही नाही, मास्तर, तो म्हणाला, कोरा कागद आहे. खाली तुझे नाव आहे. मास्तरने वरपासून सगळे वाचायला लावले. तीन कडवी. चौथे असेल, पान उलट, म्हणाला. पान उलटले तर दुसरेच गाणे. मग तो बारदानावर बसला. पाणी मागितले, अर्धे प्याला. मिश्रीलालला वाटले, आता हा छापणाऱ्याला शिव्या देईल.

“दिल्या?”

“ना. इचारत बसना. मन्हं पत्र कोन वाचस, मन्ही सही कोन करस, असं आपलं सोतालेच. मंग हासना.” मिश्रीलाल थांबला. “मी बोलनू, पोरले इचार ना मंग. तर म्हने, ‘मन्ही आंडेर, मन्ही पोर, वाचस ते छापेलपेक्षा बरं शे.’ आनि म्हने, ‘आज ना उद्या ती सांगी. मी वाट देखस.’”

तो उठला. चपला घातल्या. पायरी उतरून पुन्हा वळला.

“तुले सांगू नको, असं बोलना व्हता. पन आते कोन राग करी मन्हावर?”

सलोमी उंबऱ्यावरच राहिली. ओट्याच्या दगडावर भुशाची पातळ पूड होती आणि तिच्यात काल आबांची बोटे पडत होती तिथे चार पुसट ठसे होते. कुणीतरी आतून हाक मारीपर्यंत ती त्यांच्याकडे पाहत होती. त्यांच्यावरून तिने हात फिरवला नाही.

---

हिंमतरावांनी फाटकाजवळची जागा ठरवली होती. आधीचे दोन उपदेशक तिथेच होते. सलोमीने माणसांना थांबवले आणि सांगितले, मागच्या बाजूला, कुंपणाला लागून खणा. हिंमतराव म्हणाले, तिथे शेराच्या मुळ्या आहेत, शिवाय ती कडेची जागा आहे. ती म्हणाली, मुळ्या तोडा. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि माणसांना हाताने खूण केली.

अठरा वर्षांत शेर पुरुषभर उंच झाला होता. तोडलेल्या फांद्यांतून पांढरा चीक ठिबकत होता. खणणारे डोळ्यांपासून हात दूर धरून काम करत होते. हिरव्या काड्यांच्या मधून पलीकडची दगडांची रास दिसत होती. तिच्यावर कुणाचे नाव नव्हते.

पेटी खाली गेली. मुली एका रांगेत उभ्या राहिल्या, नवी पुस्तके हातात, आणि त्यांनी एकशे बारावे गीत म्हटले. त्यांचे आवाज उघड्यावर बारीक वाटत होते. पहिले, दुसरे, तिसरे. तिसरे संपल्यावर सगळ्यांनी एकदम पुस्तके मिटली.

हिंमतराव पुढे झाले. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. ते म्हणाले की मास्तरांनी मंडळीला पुष्कळ दिले, पण सर्वांत मोठे दान आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही. या गीताला आणखी एक कडवे होते. त्यात त्यांच्या प्रिय माणसाचे नाव होते. आणि वचनाच्या विरुद्ध काही नको, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने—

“नाही,” सलोमी म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. तरी हिंमतराव थांबले.

“आबांनी ते खोडलं नाही. त्यांना विचारलंच नव्हतं. समितीचं पत्र मी फोडलं, सही मी केली.”

मुलींपैकी एक दुसरीकडे पाहू लागली. फाटकाबाहेर, चपला काढून उभ्या असलेल्या मिश्रीलालने मान खाली घातली.

“बाई,” हिंमतराव हळू म्हणाले, “हे आत्ता कशाला? आपण नंतर बोलू.”

“काल विचारलं होतं त्यांनी,” ती म्हणाली. “काल मीही नंतरवरच टाकलं.”

तिने मूठभर माती घेतली आणि खड्ड्यात सोडली. मग वळली. खड्ड्याच्या पलीकडे दोन पावलांवर कुंपण होते. ती त्याच्या इतकी जवळ गेली की चीक तिच्या पदराला लागला. फांद्यांमधून दगड दिसत होते, त्यांच्यावर उन्हाचा एक पट्टा.

शाळेच्या मुली, मंडळी, पाळक, सगळे मागे होते. त्यांच्यापैकी कुणीही हेडबाईंना आजवर त्या भाषेत बोलताना ऐकले नव्हते. तिलाही शब्द शोधावे लागले. आईशी बोलताना दहाव्या वर्षी जिथे सोडले होते तिथूनच ते घ्यावे लागले.

“माय,” ती म्हणाली, “तुन्हं नाव आबानी नही खोडं. मी खोडं.”